नांगर एकाच्या हातीं, पोथी दुसऱ्याच्या हातीं!

कांहींनीं पोथी वाचावी, कांहींनीं नांगर धरावा. पुण्य दोघांसही सारखेंच. तेव्हां ज्यानें त्यानें आपल्या जागीं समाधान मानावें, असा उपदेश आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस पिढ्यान् पिढ्या ऐकविण्यांत आला. उपदेश करणारा मात्र दर वेळीं पोथीच्याच बाजूस बसलेला असतो! हें ढोंग केवळ आपल्याच मुलखांत उपजलें असें ज्यांस वाटतें, त्यांच्यासाठीं युरोपांतील रोमन कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाची हकीकत आम्ही आज सांगतों. ती ऐका आणि न्याय तुम्हीच करा.

इ. स. ५२९ च्या सुमारास इटलींत माँटे कॅसिनोच्या डोंगरावर बेनेडिक्ट नांवाच्या साधूनें मठ स्थापिला व मठवासीयांसाठीं नियम लिहिले. ते नियम पाहण्यासारखे आहेत. गुलामगिरींतून आलेल्याच्या वर कुलवंताला केवळ कुळामुळें बसवूं नये. जो आधीं मठांत आला त्याचा मान आधीं. स्वयंपाक व वाढणें पाळीपाळीनें सर्वांनीं करावें. रोज कांहीं तास हातानें काम करावें, कांहीं तास वाचावें. मठांतील अवजारें पूजेच्या भांड्यांइतकींच पवित्र मानावीं. म्हणजे ज्या हातांत कुदळ, त्याच हातांत पुस्तक!

पुढें मठांस इनामें मिळालीं, दशांशाचें धान्य घरबसल्या येऊं लागलें आणि कुदळ हातांतून सुटली. तेव्हां १०९८ सालीं मोलेमचा रॉबर्ट नांवाचा मठाधिपति सुमारें वीस सोबती घेऊन फ्रान्स देशांतील बरगंडीच्या सीतो नांवाच्या ओसाड जागीं गेला. दुसऱ्याच्या घामावर जगावयाचें नाहीं, दशांश घ्यावयाचा नाहीं, असा या सिस्टर्शियन पंथाचा मूळचा बाणा. १११५ त बर्नार्डनें क्लेरव्हो येथें मठ काढला. ११५३ त तो वारला तेव्हां पंथाचे मठ तीनशेंहून अधिक झाले होते. या लोकांनीं रानें तोडलीं, पाणचक्क्या चालविल्या, इंग्लंडांत यॉर्कशायरच्या माळावर मेंढ्यांचे मोठमोठे कळप पाळून लोकरीचा व्यापार केला. याबद्दल त्यांस श्रेय द्यावयास आम्ही मागेंपुढें पाहत नाहीं.

पण ही जमीन कोणीं कसली? खरी मेख येथेंच आहे. दिवसांतून सात वेळां व शिवाय रात्रीं प्रार्थना म्हणणाऱ्यांस लांबच्या शेतावर जाणें जमेना. म्हणून मठांत दुसरा वर्ग निर्माण केला. त्यांस 'कॉन्व्हर्सी' म्हणत. आपण कष्टकरी भाऊ म्हणूं. हे बहुतेक कुणबी, मेंढपाळ, लोहार, विणकर. व्रत त्यांनींही घेतलें, पण राहणें वेगळें, पंगत वेगळी, देवळांत जागा मागच्या बाजूस, मध्यें आडभिंत. ओळखूं यावे म्हणून त्यांनीं दाढी राखावयाची. मठाधिपति निवडतांना त्यांस मत नाहीं. इंग्लंडांतील रीव्हो येथें मठाधिपति एल्रेडच्या काळीं १४० मठवासी आणि त्यांच्यामागें ५०० कष्टकरी भाऊ व गडी होते असें त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे.

आणि सर्वांत जबर नियम हा कीं, कष्टकरी भावानें पुस्तक बाळगूं नये. थोड्या ठराविक प्रार्थना ऐकून पाठ कराव्या, त्यापलीकडे शिकूं नये! एकदां कष्टकरी तो कायमचा कष्टकरी. मठवासी होण्याची वाट बंद. ११८८ सालीं पंथाच्या महासभेनें ठरविलें कीं, सरदार घराण्यांतला कोणी आल्यास त्यास कष्टकऱ्यांत न घालतां मठवासी करावें. बेनेडिक्टनें पुढच्या दारानें घालवून दिलेलें कूळ असें मागच्या दारानें घरांत शिरलें!

कोणी म्हणेल, त्यांस अन्न मिळालें, दुष्काळांत आसरा मिळाला, ते सुखी होते. अन्न मिळालें हें आम्हांस कबूल आहे. पण जो सुखी आहे त्यानें अक्षर शिकूं नये म्हणून कायदा कशाला लागतो? शिवाय ते सुखी होते हें तरी कोणीं सांगितलें? जर्मनींतील शोनाऊच्या मठांत बाराव्या शतकांत कष्टकरी भावांनीं जोड्यांवरून बंडाचा बेत केला. मठवासीयांस नवे जोडे, आम्हांस कां नाहींत, हा त्यांचा सवाल. त्यांचा म्होरक्या अकस्मात् मेला आणि तो देवाचा कोप झाला, असें इतिवृत्तांत लिहिलें आहे. लिहिणारा अर्थातच मठवासी! म्होरक्याची बाजू कोण लिहिणार? त्याच्या हातीं लेखणी पडूं नये याचीच तर तजवीज केलेली होती. ज्याला लिहितां येत नाहीं त्याचें गाऱ्हाणें त्याचा धनी लिहितो, आणि मग तें गाऱ्हाणें पाप ठरतें.

हा भेद केव्हां मिटला? याच पंथाच्या कडक शाखेनें, ट्रॅपिस्टांनीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुमारास १९६५ सालीं दोन्ही वर्ग एक केले. नवें शास्त्र लागलें नाहीं. जें पहिल्या पुस्तकांतच होतें तें अंमलांत आणावयास आठशेंहून अधिक वर्षें लागलीं!

यावरून आम्ही काय शिकावें? भटशाही एका जानव्यास किंवा एका धर्मास बांधलेली नाहीं. पोथी आणि नांगर यांची जेथें फारकत होते, तेथें ती आपोआप उगवते. मग संस्थापक कितीही पुण्यवान् असो. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती हें मर्म ओळखूनच. आणि आमच्यांतलेच जे शिकून खुर्चीवर बसले आणि आतां बापाच्या मातीच्या हाताची लाज धरतात, तेही त्याच आडभिंतीच्या पलीकडे जाऊन उभे आहेत हें आम्ही स्पष्ट सांगतों.

म्हणून बांधवहो, तुमची सोसायटी असो, देवस्थान असो कीं जातीची परिषद असो, हिशेबाचें पुस्तक मागून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनीं वाचा. मुलास शिकवा, मुलीस त्याहून आधीं शिकवा. 'तुला वाचून काय करावयाचें आहे?' असें जो विचारील, त्याच्या हातीं आधीं कुदळ द्या. मग बोलणें पुढें चालूं द्या!