राळ्याचे कणीस आणि आमचे बोट



घरात पाखरे पाळावीत की पाळू नयेत, या वादात आम्ही आजवर कधी पडलो नव्हतो. पण गेल्या वर्षी नोव्हेंबरात भुसावळच्या एका रेल्वे कामगार स्नेह्याची बदली झाली आणि त्याचा पिंजरा, आतल्या दोन पाखरांसकट, जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसला. एक हिरवे, एक निळे. बाजारात सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने जाड, शेपटीला आखूड. आमच्याकडे आले ते बजरीगर, ऑस्ट्रेलियाच्या माळरानावरचे छोटे पोपट. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडात नेले आणि तिथून ते जगभर पसरले. मूळ रंग हिरवा-पिवळाच. निळे, पांढरे हे पिंजऱ्यातल्या पैदाशीतून आले.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी पिंजऱ्यात हात घातला. निळी मादी तारांवर आपटत राहिली, बोटाला चावली, आणि खाली पिसांचा सडा पडला. चिरंजीव रडू लागले, पाखरू धापा टाकू लागले. माय खाटेवरून एवढेच म्हणाली, "ते पाखरू शे रे भाऊ. त्याले आधी दाना दे, मंग हात लाव."

पुढे आम्ही इकडेतिकडे विचारले, दोन-चार पुस्तके चाळली, पण मायच्या त्या एका वाक्यापलीकडे फारसे काही सापडले नाही. पाखराला वरून आलेला हात म्हणजे शिकराच. तो आपला मालक आहे, आपण त्याच्यासाठी दाणे आणले, हे त्याला कोण सांगणार?

पिंजरा आम्ही दारातून हलवला. तिथे येणारा-जाणारा टकटक करत असे. आतल्या खोलीत, पाठीशी भिंत येईल असा, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, असा घरात ठराव झाला. कचेरीतून आलो की आम्ही खुर्ची टाकून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असू. केळीचे भाव, सोन्याचे भाव, नगरसेवकांची भांडणे, सारे त्या दोघांनी ऐकले. पहिले तीन दिवस ती मान ताणून, पिसे अंगाला चिकटवून काडीसारखी बसत. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरव्याने एक पाय पोटाशी घेतला आणि चोचीवर चोच घासत डुलकी काढली. भीती गेल्याची ही खूण. दिवसभर पिसे फुगवून गप्प बसलेले पाखरू मात्र झोपाळू नव्हे, आजारी समजावे.

धुळ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने राळ्याची कणसे दिली होती. कणीस तारांतून आत धरायचे आणि दगडासारखे बसायचे. हात दुखतो, पण हलवायचा नाही. बाराव्या दिवशी हिरव्याने कणसाला चोच लावली. मग रोज कणीस थोडे आखूड धरायचे, म्हणजे पाखराला बोटांच्या जवळ यावे लागते. नंतर हात पिंजऱ्याच्या दारातून आत. शेवटी बोट पायांच्या किंचित वर, पोटाला हलकेच टेकवायचे. तोल सावरायला ते आपसूक बोटावर चढते. तीस-चाळीस ग्रॅमचा तो जीव, पण बोटावर त्याच्या नखांची पकड लागली तेव्हा आम्ही श्वाससुद्धा हळू घेतला. हे सारे दहा-पंधरा मिनिटांचे काम. त्याहून ताणले की पाखरू कंटाळते आणि माणूस चिडतो. जोडी असेल तर वेळ जास्त लागतो, कारण त्यांना एकमेकांची सोबत असतेच. आपली गरज काय?

आमच्या चुका दोन. लपवण्यात अर्थ नाही.

सहा डिसेंबरला आम्ही सहकुटुंब चैत्यभूमीवर गेलो. शेजारच्या ताईंना सांगून गेलो, वाटी रिकामी दिसली तर दाणे टाका. परत आलो तर वाटी काठोकाठ भरलेली आणि दोन्ही पाखरे तळाशी बसलेली. वाटीत नुसता कोंडा होता. ही पाखरे दाणा सोलून खातात आणि साल तिथेच टाकतात, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते. ताईंचा काही दोष नाही, आम्हीच सांगितले नव्हते. एवढ्या लहान पाखराच्या अंगात साठा तो किती, दीड-दोन दिवसांच्या उपाशीपणानेही ते दगावू शकते. आमची वाचली. तेव्हापासून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायची, कोंडा उडवायचा आणि मग पाहायचे.

दुसरी चूक पंख्याची. जानेवारीत निळीसुद्धा बोटावर येऊ लागली आणि आम्हाला चढले. खोलीत मोकळे सोडताना दारे-खिडक्या लावल्या, आरसा झाकला, पंखा मात्र हळू फिरत होता. निळी उडाली. पत्नीने झेप घेऊन बटण दाबले, म्हणून पाते नुसते चाटून गेले. भिंतीवर आपटून ती खाली पडली. तिला जोड्याच्या खोक्यात, अंधारात, ऊब देऊन ठेवले. चिरंजीव त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी खोक्यात खरखर ऐकू आली. ती जगली, पण आमचे बोट दिसले की मागे सरकू लागली. दोन महिन्यांचा विश्वास एका बटणाने गेला आणि पुन्हा वर्तमानपत्रापासून सुरुवात करावी लागली. या वेळी ती आली ती थेट मार्चात.

तोवर आपल्याकडचा उन्हाळा सुरू झाला. जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला भिडतो तेव्हा माणसेच तोंड उघडी टाकतात. पाखराने चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरले की त्याला ऊन लागते आहे असे ओळखावे. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले फडके, बशीत उथळ पाणी अंघोळीला, प्यायचे पाणी दोनदा बदललेले. कुलरचा झोत थेट अंगावर नको. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने अशी पाखरे मरतात. एका खोलीत चूल आणि पिंजरा असेल तर लोखंडी तवाच बरा. तळाचा कागद रोज बदलावा, हात धुवावेत. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाच्या छातीत उतरू शकतो. घरात म्हातारे, दमेकरी असतील तर हे जास्तच सांभाळावे.

बोलण्याचे विचाराल तर पक नावाचा एक बजरीगर कॅलिफोर्नियात होता. १९९४ साली तो मेला तेव्हा त्याच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम होता. आमच्या चिरंजीवांनी हिरव्याला 'जयभीम' शिकवायला सहा महिने घालवले. तो आता कुकरची शिट्टी हुबेहूब वाजवतो. पत्नी दोनदा धावत जाऊन आली.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

दरवर्षी ३१ जुलैला आम्ही धुळ्याला जातो. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते, त्याची आठवण म्हणून तिथे आपली माणसे जमतात. परतताना बहिणीकडे मुक्काम असतो. तिच्याकडे सात वर्षांपासून मिठू आहे. आपल्या रानातला, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला पोपट. आजवर आम्ही त्याला मिरची देऊन पुढे जात होतो. या खेपेला थांबलो. आठ महिने दोन पाखरांची मान, पंख, पाय पाहण्यात गेले होते. मिठूचे दोन्ही पंख कात्रीने कापलेले दिसले, आणि तो दांडीवर एका जागी सारखी मान हलवत होता. त्याला आम्ही नाच समजत असू.

लहानपणी आठवडे बाजारातून आम्हीही असाच एक आणला होता. निंबाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू. आठव्या दिवशी मेले.

बहिणीला आम्ही सांगितले की हा पोपट पाळणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि एप्रिल २०२३ पासून या पोपटाला त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घातले आहे. आमचे बजरीगर परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले. त्यांना बंदी नाही, आणि सोडले तर ते दोन दिवसही जगायचे नाहीत. दाजी हसले. "तुमचा पिंजरा कायद्याचा आणि आमचा बेकायद्याचा का, भाऊसाहेब?" बोलणे झोंबले, कारण त्यात तथ्य होते. निळीला विचारले तर ती काय सांगेल, कोण जाणे. पण ढोलीतून ओढून आणलेल्या पाखरात आणि पिंजऱ्यात जन्मलेल्यात फरक आहे, हे आम्ही सोडले नाही. बहीण चिडली. "सात वर्षं मी त्याले पोटच्या पोरागत वाढाडं, आते तू मले कायदा सांगस?" राखीला ती आली नाही.

आम्ही लोकांचे अर्ज लिहून देतो, कचेऱ्यांतून त्यांच्यासाठी भांडतो. सख्ख्या बहिणीविरुद्ध अर्ज लिहायला हात उठला नाही. एवढेच कळवले, की पंख कापू नकोस, नवे येऊ दे. पिंजरा उघडून सोडूनही देऊ नकोस, सात वर्षे वाटीतले खाल्लेल्याला रानात दाणा शोधता येत नाही, कावळे त्याला फाडतील. वनखात्याकडे दिला तर पंख भरेपर्यंत सांभाळून मगच सोडण्याची सोय होऊ शकते.

ऑक्टोबरात भाच्याने फोनवर सांगितले, मायने कात्री कपाटात ठेवली. गेल्या रविवारी बहिणीचा स्वतःचा फोन आला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. हिरवा मागे शिट्टी वाजवत होता, तो कोण म्हणून तिने विचारले. मग थोडे थांबून म्हणाली, "भाऊ, धुयानी वनखातानी कचेरी कितला वाजता उघडस?"

आम्ही दहा वाजता म्हणालो, आणि आपण सोबत येतो असेही.