सुट्या भागाचे मोल

जासईवरून न्हावाशेवा बंदराच्या दिशेने कंटेनरच्या गाड्या रात्रंदिवस ये-जा करतात. त्यांतल्या एखाद्या कंटेनरमध्ये वैद्यकीय यंत्राचा हातभर लांबीचाही नसलेला सुटा भाग असतो आणि तो येईपर्यंत कुठल्यातरी रुग्णालयात यंत्रावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लागलेली असते. रुग्णाला निदान दुसरीकडे हलवता येते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तीही सोय नाही.

या स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसांचे वास्तव्य अखंड आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणे, पाण्यापासून ऑक्सिजन तयार करणे, लघवी आणि घाम शुद्ध करून पुन्हा पिण्याजोगे पाणी करणे ही कामे तिथे यंत्रे करतात. ती यंत्रे म्हणजे अंतराळवीरांची फुप्फुसे आणि मूत्रपिंडेच. २०२४ मध्ये लघवी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पंप बिघडला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्या स्टारलायनर यानातून जूनमध्ये नवा पंप गेला आणि त्याला जागा करण्यासाठी दोघांच्या कपड्यांच्या बॅगा खाली ठेवाव्या लागल्या. आठवडाभराचा ठरलेला त्यांचा मुक्काम पुढे साडेनऊ महिन्यांचा झाला!

डिसेंबर २०१३ मध्ये स्थानकाच्या शीतकरण यंत्रणेचा पंप नादुरुस्त झाला, तेव्हा मात्र वाट पाहावी लागली नाही. जादा पंप आधीच स्थानकाच्या बाहेरच्या बाजूस बांधून ठेवलेला होता. दोन आठवड्यांच्या आत अंतराळवीरांनी तो बसवला.

दुसरा धडा अपोलो-१३ चा. एप्रिल १९७० मध्ये या यानात स्फोट झाल्यावर तिघांनी चांद्रकूपीत आसरा घेतला. हवा शुद्ध करणारे डबे मुख्य यानात चौकोनी, तर चांद्रकूपीत गोल होते. डबे हाताशी असूनही बसेनात. अखेर प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांवर जीव तगले.

मंगळाच्या प्रवासात तर मागाहून पंप पाठवणे शक्यच नाही. तिकडे निघण्याची संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. गगनयान आणि २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक, अशी उद्दिष्टे भारताने ठेवली आहेत. रॉकेटइतकाच विचार सुट्या भागांचाही व्हावा लागेल.

जमिनीवरही हाच हिशेब आहे. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. उपकरणे जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयात ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू राहावीत, हे त्याचे उद्दिष्ट. ते केवळ कंत्राटावर सही करून गाठता येत नाही. यंत्र घेतानाच झिजणाऱ्या भागांची यादी आणि दर करारात हवेत. सर्वांत आधी बिघडणारे भाग जिल्ह्याच्या भांडारात हवेत. शेजारच्या दोन रुग्णालयांतल्या यंत्रांचे भाग एकमेकांना बसायला हवेत. आणि साधा भाग बदलण्याचे शिक्षण तिथल्या तंत्रज्ञाला मिळायला हवे.

नव्या यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. सुट्या भागासाठी कोणी फीत कापत नाही. मात्र अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा श्वास त्याच्यावरच अवलंबून असतो.