अग्नीचा विधी आणि आगीचा कायदा

अग्नी हा हिंदू गृहस्थाश्रमाचा साक्षी. विवाह असो, यज्ञ असो वा होळी, त्याच्यावाचून संस्कार पुरा होत नाही. म्हणूनच तो कोठे, केव्हा आणि किती प्रज्वलित करावा, याचे विधिनियम पूर्वजांनी घालून दिले. विधी सुटला की उरते ती केवळ आग.

रेणुकामातेच्या रेणापूर परिसरातील शिवारांत याचा प्रत्यय येतो. ऊस तुटून गेला की फडातले पाचट पेटवले जाते. रान लवकर मोकळे होते खरे. पण वारा फिरला की शेजाऱ्याचा उभा ऊस, कडब्याची गंज आणि गोठा एका ठिणगीच्या स्वाधीन होतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते कुजवल्यास जमिनीला ४० ते ५० किलो नत्र आणि तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब परत मिळतो, आच्छादनामुळे ओलही टिकते. २०१६ साली लातूर शहराची तहान मिरजेहून आलेल्या रेल्वेने भागवावी लागली. त्याच जिल्ह्याने ओल धरणारे पाचट जाळावे, हा आत्मघात होय.

कायदा आहेच. आगीबाबत निष्काळजीपणा करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाळीच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. तेव्हा ‘निर्बंध हिंदूंच्याच सणांना का?’ असा प्रश्न विचारला गेला. केवळ दिवाळीतच प्रदूषण आठवणाऱ्या मंडळींचा दुटप्पीपणा उघड आहे. तथापि त्याच निकालाने नाताळ व नववर्षाच्या रात्री अवघी ३५ मिनिटे दिली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि गंजीवर पडलेला बाण ज्याचा वर्षभराचा चारा जाळतो, तो शेतकरीही आपलाच समाजबांधव असतो.

लहान शेतकरी पाचट हौसेने जाळत नाही. खोडव्याची मशागत तोंडावर असते, मजूर मिळत नाहीत, कुट्टी यंत्र परवडत नाही. त्याला केवळ दंडाचा धाक दाखवून प्रश्न सुटणार नाही. गावातील तरुणांनी एकत्र येऊन सामायिक यंत्र मिळवावे, पाचट सरीत दाबण्यास हात द्यावा, फटाक्यांसाठी गंजींपासून दूर मोकळे पटांगण ठरवावे. समाज स्वतःला शिस्त लावतो, तेव्हा न्यायालयाला घड्याळ दाखवावे लागत नाही. येत्या दीपावलीपूर्वी प्रत्येक गावाने ही शिस्त आपणहून स्वीकारावी.