न फोडलेल्या बोंडाचा पंचनामा

दूर पल्ल्याच्या स्वयंचलित ड्रोनविषयी अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. चालकाच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे जाऊन, आधी आखून दिलेल्या मार्गाने स्वतःच उडणारे आणि स्वतःच परतणारे हे मानवरहित विमान एकदा हाती आले की, तलाठ्याने बांधावर, वायरमनने डोंगरावर आणि कीमनने, म्हणजे रूळ तपासत चालणाऱ्या रेल्वे कामगाराने, रुळांवर पायपीट करण्याचे प्रयोजनच संपते, असे हे मत आहे. यंत्र लाच खात नाही, चहाला थांबत नाही, पाहुण्याचे शेत आधी पाहत नाही. तेव्हा पंचनामा नावाची जुनाट प्रथा मोडीत काढून आकाशातील छायाचित्रावर मदत वाटावी, असा त्याचा निष्कर्ष. या मताच्या पुरस्कर्त्यांना ते याहून भारदस्त वाटत असेल. पण सारांश काढताना भारदस्तपणाच आधी गळून पडतो, त्याला इलाज नाही.

या मताला उदाहरण म्हणून हमखास पुढे केला जातो तो इस्लापूरसारखा मुलूख. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील हे गाव मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर वसले असून जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, आणि सागवानी जंगलाच्या फटीफटींतून, डोंगरउतारांवर कापूस, सोयाबीन व तूर यांची शेते पसरली आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की शेजारचे शिवारही दूर होते, आणि तलाठी (ज्याचे नवे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असले तरी गावाच्या तोंडी जुनाच शब्द आहे) शेतापर्यंत पोचेतो नुकसानीच्या खुणा वाळून गेलेल्या असतात. ही अडचण खरी आहे. तिच्यावर सुचवलेला उपाय तपासण्याजोगा आहे.

या मताचा मूळ दोष यंत्रविद्येत नसून प्रमाणविचारात आहे. न्यायदर्शनाने मानलेल्या चार प्रमाणांपैकी तीन येथे कामाची आहेत: प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट जाणणे, अनुमान, म्हणजे एका खुणेवरून, जसे धुरावरून अग्नीचा, न दिसणाऱ्या गोष्टीचा निष्कर्ष काढणे, आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाची साक्ष. ड्रोनमुळे शेताचे प्रत्यक्ष ज्ञान होते असे प्रतिपक्ष गृहीत धरतो. वस्तुतः ड्रोनला दिसतो तो पिकाचा माथा. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवून लावते. या दोहोंतील फरकावरून हिरवेपणाचा एक निर्देशांक काढतात आणि त्या निर्देशांकावरून पिकाच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात. म्हणजे प्रत्यक्ष म्हणून जे विकले जात आहे ते अनुमान आहे, आणि अनुमानाला धूर लागतो. धूर न करणारा अग्नी असेल तर काय करायचे?

कापसावरील गुलाबी बोंडअळी हा असाच अग्नी आहे. २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांनी तिचा हिसका अनुभवला. अंड्यातून बाहेर पडलेली अळी फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढते तसे तिचे प्रवेशछिद्र बुजून जाते, आणि आत सरकी व रुई खाल्ली जात असताना बाहेर झाड हिरवेगार, पानांनी लगडलेले, निर्देशांकाच्या भाषेत उत्तम प्रकृतीचे दिसते. पाकळ्या एकमेकींत गुंतून न उमललेली डोमकळी ही तिची पहिली खूण. तीही झाडाच्या फांद्या बाजूला केल्याशिवाय सापडत नाही. म्हणूनच शेतातून २० हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहावीत आणि दोनांत अळी निघाली तर प्रादुर्भाव १० टक्के मानून उपाय योजावा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. या सल्ल्यातील कळीचे क्रियापद ‘फोडणे’ हे आहे. हरित क्षेत्रात, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हवाई क्षेत्रात, ड्रोनला ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीवर उडता येते. त्या उंचीवरून नेहमीच्या सर्वेक्षण कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरील साधारण तीन सेंटिमीटर जागा व्यापतो, म्हणजे एका बोंडाच्या वाट्याला एखाददुसरा ठिपका येतो. ड्रोन खाली उतरवावा, तर एका फेरीत मावणारी पट्टी अरुंद होते, फेऱ्या वाढतात आणि ज्या दूर पल्ल्याचा एवढा डांगोरा पिटला तोच आटतो. आणि खाली उतरूनही बोंड बंदच असते. यंत्राला ते फोडता येत नाही; पंचांपैकी कोणालाही, अगदी चहा पिऊन आलेल्यालाही, ते येते.

सोयाबीनची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे धूर भरपूर, पण अग्नी कोणता ते कळत नाही. २०२३ मध्ये नांदेड, लातूर भागात पिवळ्या मोझॅकने, म्हणजे पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाने, सोयाबीन पिवळे पडले. पण पक्व होणारे सोयाबीनही पिवळेच पडते, पाण्याअभावी होरपळलेलेही पिवळेच, आणि लोह कमी पडले तरी पिवळेच. उलट, शेंगाच न धरलेले सोयाबीन हिरवेगार राहते. तेव्हा वरून पाहणाऱ्याला सर्वांत तोट्यातले शेत सर्वांत देखणे वाटण्याचा संभव आहे. शेंगा मोजायला खाली बसावे लागते.

यंत्र निःपक्षपाती असते, हा प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा. पण नुकसान किती, हा वाद दृष्टीचा कमी आणि रेषेचा अधिक आहे. मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान व्हावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. बत्तीस आणि चौतीस यांच्यामधली रेषा धोरण ठरवते, कॅमेरा नव्हे, आणि ३३ वर आलेले शेत बत्तीसात ढकलण्यासाठी लाचखाऊ माणूस लागत नाही, आज्ञावलीतील एक आकडा पुरतो. ही तक्रार नवी नाही. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या स्थितीचा सरकारी अंदाज, सुरू झाल्यापासून ती चालू आहे. तेथे पिकाच्या पहिल्या अंदाजाला ‘नजरअंदाज’ म्हणतात, म्हणजे नजरेने केलेला अदमास. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ ‘दुर्लक्ष’ असा होतो, आणि मराठवाड्यातील शेतकरी दोन्ही भाषा जाणतो. पुढे महसूल मंडळांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, तेव्हाही वाद कायमचे मिटतील असे सांगितले गेले होते. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी मानावी असा निकष आहे. ढग एका शिवारात फुटतो आणि यंत्र दुसऱ्या शिवारात कोरडे उभे राहते, तेव्हा मान्य होतो तो यंत्राचाच आकडा. त्या वेळी यंत्राची कड घेणारे आज ड्रोनची कड घेत आहेत. त्यांचे सातत्य वाखाणण्याजोगे आहे.

वरून घेतलेले चित्र माणसाच्या साक्षीची जागा घेऊ शकते का, हा प्रश्न कायद्यापुढेही आलेला आहे. किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे वनहक्काचे दावे आहेत. आदिवासी व इतर वननिवासींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या कायद्याखालील नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा असे स्पष्ट केले गेले की उपग्रहचित्रे व तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक ठरू शकेल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही. गावातील वडीलधाऱ्याची साक्ष आजही पुरावा आहे. प्रतिपक्षाने जो प्रश्न नवा म्हणून मांडला, त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात येऊन एक तपाहून अधिक काळ लोटला आहे; वाचण्याची उसंत तेवढी मिळालेली नसावी.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देण्याचे कारण नाही. स्वस्ताईचा हिशेब मांडताना विजेरी, दुरुस्ती आणि प्रशिक्षित चालक वगळले जातात. तेलंगणात विकाराबाद येथे सप्टेंबर २०२१ मध्ये दृष्टीपलीकडे उडणाऱ्या ड्रोनने औषधे पोचवण्याचे प्रयोग झाले, याचा दाखला दिला जातो. पण औषधाची पेटी पोचवणे आणि पिकाचा निवाडा करणे ही एकाच जातीची कामे नव्हेत. मुसळधार पावसात ड्रोन उडत नाही, तलाठी निदान छत्री घेऊन निघू शकतो.

मग ड्रोन अडगळीत टाकावा काय? तसे नाही. जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीवरील सैल सांधा आजूबाजूच्या तारेपेक्षा अधिक तापतो आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला तो चटकन दिसतो. तेथे वायरमनने दहा खांब चढून शोधण्यापेक्षा ड्रोनने अकरावा खांब दाखवावा आणि वायरमनने तेवढाच चढावा, हे उघडच शहाणपणाचे आहे. लोहमार्गावर दरड कोसळली का, भराव खचला का, हेही वरून कळते, रूळ जखडणारी चावी सैल झाली तर ती मात्र कीमनच्या हातोड्यालाच कळते. पण ड्रोनने माणसावर निर्विवाद मात करावी असे क्षेत्र एकच आहे: पुराने खरडून गेलेली जमीन. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत पाणी शिरले, त्यासारख्या प्रसंगानंतर किती माती गेली हे नजरेने सांगता येत नाही. दोन उड्डाणांतून तयार केलेल्या जमिनीच्या उंचीच्या दोन नकाशांची वजाबाकी केली तर ते कळू शकते. नदीने पात्र बदलून जमीन गिळली तर अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी २०२२–२६ च्या निकषांत हेक्टरी ४७,००० रुपयांची तरतूद होती, आणि तेथे मापाला मोल आहे.

या कामाची रीतही महाराष्ट्राला नवी नाही. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा पथदर्शी प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला आणि तीच रीत पुढे स्वामित्व योजनेतून देशभर गेली. तिच्यात ड्रोन उडण्याआधी लोक आपापल्या हद्दीवर उभे राहतात, शेजाऱ्यांच्या समक्ष चुन्याच्या फक्कीने रेषा आखली जाते, आणि मगच वरून छायाचित्र घेतले जाते. म्हणजे शब्दप्रमाण आधी, यंत्र नंतर. पैनगंगेच्या काठी हेच करायचे तर गट नंबरांच्या हद्दींवर फक्की पडली पाहिजे, छायाचित्राची तारीखवार प्रत ग्रामसभेकडे राहिली पाहिजे, आणि वजाबाकीला पहिली रक्कम हवी म्हणून पहिले उड्डाण पुरानंतर नव्हे, तर मे महिन्यात, पात्र कोरडे असताना झाले पाहिजे.