आधी धान्य पाहू, मग अंगठा देऊ

पावसाळ्यात कशेळे परिसरातल्या एका वस्तीत आम्ही लहान मुलांची वजने घ्यायला गेलो होतो. एका घराच्या पडवीत सुपात रेशनचा तांदूळ पसरलेला होता. त्यात हिरवट-काळपट गठ्ठे झाले होते आणि ओल्या पोत्याचा वास येत होता. घरातली आजी ते गठ्ठे हाताने फोडून चाळत होती. आम्ही म्हटले, "आजी, हा तांदूळ दुकानात परत द्या." आजी हसली. म्हणाली, "बाई, फुकटचं आणलेलं परत कोण करतं? उद्या दुकानदारानं नाव कापलं म्हणजे?"

आजी एकटी नाही. किराणा दुकानातून आणलेल्या डाळीत खडे निघाले, तर आपण त्याच पावली परत जातो आणि बदलून घेतो. रेशनचे धान्य खराब निघाले तर मात्र गप्प बसतो. कोणी ते कोंबड्यांना घालते, कोणी पाच-दहा रुपये किलोने विकून टाकते, कोणी धुऊन-पाखडून शिजवते. माता-भगिनींनो, या तिन्ही गोष्टी बंद करून खराब धान्य परत करायला आपण शिकले पाहिजे, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली भीती 'फुकट'ची. रेशनचे धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत झाले, तेव्हापासून ही भीती जास्तच वाढली आहे. आधी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये मोजत होतो, तेव्हा निदान भांडायला तोंड होते, असे बायका म्हणतात. पण हे धान्य कोणाच्या दयेचे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. साबणाच्या वडीवर आणि मोबाईलच्या रिचार्जवर आपणही कर भरतो. त्याच पैशातून हे धान्य येते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 'धान्य' म्हणजे काय, हे या कायद्यात लिहिलेले आहे. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या दर्जात बसणारा तांदूळ, गहू किंवा भरड धान्य म्हणजे धान्य. म्हणजे बुरशी आलेला तांदूळ दुकानदाराने मापून दिला, तरी कायद्याच्या हिशेबाने त्याने धान्य दिलेलेच नाही. तो परत करताना आपण उपकार नाकारत नाही. जे द्यायचे राहिले आहे, ते मागतो.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा याला कुलाबा जिल्हा म्हणत. मार्च १९२७ ची महाडची परिषद आपल्याला चवदार तळ्यामुळे आठवते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले होते. त्या काळी नाही म्हणणे म्हणजे गावाशी वैर घेणे आणि खरोखर उपाशी राहणे होते. तरी आपल्या आज्या-पणज्यांनी नाही म्हटले. आज आपल्या बाजूने कायदा आहे, आणि आपण सडका तांदूळ मुकाट्याने घरी आणतो. हे आम्हाला लागते.

आता आरोग्याचे. आम्ही दवाखान्यात नोकरी करत होतो, तेव्हा पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची मुले यायची. औषध-पाणी द्यायचो आणि घरी पाठवायचो. घरात काय शिजते, हे विचारायला वेळ नसायचा. नोकरी सोडून वस्त्यांत फिरू लागलो, तेव्हा डबे उघडून पाहायची सवय लागली. ओल्या धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशींमध्ये अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते धुण्याने जात नाही आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही. त्याचा मार यकृतावर, म्हणजे लिव्हरवर बसतो. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरांहून जास्त माणसे दगावली. त्यांच्याकडे दुसरे खायला नव्हते. बुरशीचे धान्य कोंबड्यांना घालणेही बरे नाही. हे विष त्यांनाही बाधते.

पण सगळेच वेगळे दिसणारे धान्य खराब नसते, हेही तितकेच खरे. रेशनच्या तांदळात काही दाणे थोडे पिवळसर, वेगळ्या रंगाचे दिसतात, कधी पाण्यात वर तरंगतात. लोक त्याला 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून वेचून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून तो दाणा बनवतात आणि १०० किलो तांदळात साधारण १ किलो या प्रमाणात मिसळतात. सरकारी योजनांतून असा तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला झाली होती. आपल्या बाया-मुलींच्या अंगात रक्त कमी असते, म्हणून तो देण्याचे ठरले. तो वेचू नका, परत करू नका, आणि भाताचे पाणी फेकू नका. मात्र घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर त्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच हा तांदूळ खावा. सिकलसेल अनेक आदिवासी समाजांत आहे, आणि विदर्भात आपल्या समाजातही आढळतो. तिकडच्या सोयरिकी असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चार-दोन किडे निघाले, तर उन्हात घालून, चाळून धान्य वापरता येते. पण पिठासारखा भुगा झाला असेल, जाळी धरली असेल, गठ्ठे झाले असतील, आंबूस किंवा कुबट वास येत असेल, औषधाचा उग्र वास येत असेल किंवा उंदराच्या लेंड्या असतील, तर ते धान्य घरात घेऊच नका. आणि एक कळकळीची विनंती. किडे मारायला धान्यात ठेवायची विषारी गोळी घरात आणू नका. तिचा वायू खोलीत भरला, तर झोपलेली माणसे उठत नाहीत. लिंबाचा सुकलेला पाला आणि घट्ट झाकणाचा कोरडा डबा पुरे.

मग परत कसे करायचे? सगळ्यात सोपी वेळ अंगठा देण्याआधीची. मशीनवर अंगठा दिला की आपल्या नावावर धान्य उचलल्याची नोंद होते. म्हणून आधी कट्ट्यातले धान्य ओंजळीत घेऊन पाहायचे, वास घ्यायचा, काटा शून्यावर आहे का ते बघायचे आणि मग अंगठा द्यायचा. दुकानात वाटपाच्या धान्याचा नमुना ठेवायचा असतो, भाव, साठा आणि तक्रार कुठे करायची याचा फलकही लावायचा असतो. तो मागून पाहावा. अंगठ्यानंतर छापील पावती घ्यायचीच. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो एकच हवेत. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो मिळायचे. त्यात दर महिन्याला २ किलो कमी मिळाले, तर वर्षाला २४ किलो गेले, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे रेशन गेले.

धान्य घरी आल्यावर खराब निघाले, तर त्याच दिवशी पावतीसह परत न्यावे. एकटीने जाऊ नये, चार-पाच घरांनी मिळून जावे. दुकानदार बदलून देत नसेल, तर साध्या कागदावर अर्ज लिहावा: कार्ड नंबर, तारीख, किती किलो, काय खराब आहे. धान्याचा थोडा नमुना पिशवीत बांधून ठेवावा आणि मोबाईलवर फोटो काढावा. अर्ज कर्जतला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, खालापूरकरांनी खालापूरच्या शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. १९६७ किंवा १८००-२२-४९५० या नंबरवर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे.

राहिली नाव कापण्याची भीती. कार्ड रद्द करण्याचा किंवा नाव कमी करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. कार्ड त्याने स्वतःकडे ठेवून घ्यायचेही नाही. एका दुकानात त्रास होत असेल, तर दुसऱ्या दुकानातून धान्य उचलण्याची सोय आता आहे. आणि रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचे नाव कायद्यानेच लावले आहे. म्हणजे हा अर्ज तिने तिच्या सहीने किंवा अंगठ्याने करायचा आहे.

दुकानदाराला शत्रू समजू नका, असेही आम्ही सांगतो. त्या आजीचा तांदूळ घेऊन आम्ही पाच जणी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार आधी चिडला. "अंगठा झाला, आता काही होत नाही," म्हणाला. आम्ही अर्ज लिहायला बसलो, तेव्हा हळू आवाजात बोलला, "ताई, मला वरूनच असा कट्टा येतो. मी एकटा बोललो तर माझं कोण ऐकतो?" आम्ही म्हटले, "मग आमच्या अर्जाखाली तुम्हीही लिहा, की कट्टा असाच आला." त्याने थोडा वेळ विचार केला आणि लिहिले. दुसऱ्या दिवशी आजीला आणि आणखी तीन घरांना दुसऱ्या कट्ट्यातला तांदूळ मिळाला. प्रत्येक वेळी इतके सोपे होत नाही. काही वेळा चार-चार चकरा माराव्या लागतात, मजुरीचा दिवस बुडतो. म्हणूनच हे एकेकट्या घराने करायचे काम नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीने विहारात एक ताणकाटा टांगावा. रेशन आणल्यावर घरी जाताना पिशवी तिथे लटकवून पाहावी आणि वहीत लिहावी. रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे ती वही वाचावी. गावच्या दक्षता समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे, हे विचारावे, कोणीच नसेल तर नाव सुचवावे. शेजारच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या बायांनाही बोलवावे. त्यांचा कट्टा त्याच गोदामातून येतो.

जे खराब धान्य आपण मुकाट्याने फेकतो किंवा विकतो, ते कागदावर आपण खाल्लेले असते. मुलाचे वजन वाढत नाही, बाईच्या अंगात रक्त भरत नाही, आणि सरकारी कागद मात्र सांगतो की या घराला पूर्ण धान्य पोहोचले. परत केलेल्या प्रत्येक पिशवीने तो कागद खरा होतो.

ती आजी परवा कशेळ्याच्या बाजारात भेटली. रेशन आणायला निघाली होती. सोबत शेजारची सून होती. आम्ही विचारले, "आजी, तांदूळ कसा येतो आता?" म्हणाली, "येतो कसा ते मला काय माहीत? मी आधी बघते, मग बोट लावते."

जय भीम.