अवेळीं जन्मलेलें पाडस

टेंभुर्णीच्या आसपास माळरान आतां थोडेंच उरलें आहे. 1980 सालीं उजनीचें धरण पुरें झालें, पुढें ऊंस आला, आणि जेथें पूर्वीं कुसळी गवत माजत असे तेथें आज पाटाचें पाणी खेळतें. तरी माढा-करमाळ्याच्या बाजूस काळविटांचे कळप अद्याप दृष्टीस पडतात. भर उन्हाळ्यांत एखादी हरिणी व्याली कीं, "हें अवेळचें पोर, कांहीं जगत नाहीं," असें कोणी तरी सहज बोलून जातो. हा निकाल घाईचा आहे, असें आमचें मत आहे.

थंड देशांत तो बराचसा खरा ठरतो. स्कॉटलंडच्या रम बेटावर तांबड्या हरणांच्या नोंदी कित्येक दशकें ठेविल्या गेल्या आहेत. तेथें माज सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो व सुमारें 8 महिन्यांनीं, मे-जूनच्या सुमारास, पाडसें होतात. जें मागाहून जन्मतें तें लहान अंगानेंच हिवाळ्यास तोंड देतें आणि पुष्कळदां दगावतें. हवेंत उष्मा वाढत चालला तसा हा क्रम 28 वर्षांच्या नोंदींत 5 ते 12 दिवसांनीं अलीकडे सरकलेला आढळला.

आपला काळवीट या जातीचा नव्हे. तो सांबर-चितळांच्या कुळांतलाहि नाहीं. त्याचीं शिंगें दरवर्षीं गळत नाहींत. वर्षांतील कोणत्याहि महिन्यांत त्याचा माज होऊं शकतो, मात्र कांहीं महिन्यांत तो अधिक असतो. गर्भाचा काळ सुमारें 6 महिन्यांचा. तेव्हां वसंतांत गाभण राहिलेली हरिणी पावसाळ्यांत हिरव्या गवतावर विते, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसांत फळलेली ऐन कोरड्या दिवसांत. दुसरीचें दूध आटतें हें खरें. पण ज्या मुलखांत पाऊस कधीं येईल याचा भरंवसा नाहीं, जेथें 1972 सारखें वर्ष उगवतें, तेथें सगळीं पाडसें एकाच महिन्यावर पणाला लावणारी जात फार काळ टिकली असती काय? आम्हांस तर यांत निसर्गाची चूक दिसत नाहीं, सावधपणाच दिसतो.

मग उन्हाळ्यांतलें पाडस मरतें तें कशानें? लांडगा आहेच, पण तो पूर्वींहि होता. नवे वैरी म्हणजे गांवचीं मोकाट कुत्रीं, पेटविलेलें गवत आणि (हें लिहितांना वाईट वाटतें) दयाळू माणसें. पाडस पहिले कांहीं आठवडे गवतांत निपचित पडून असतें. आई मुद्दाम दूर चरते, म्हणजे शत्रूचें लक्ष त्याकडे जात नाहीं; पाजण्यापुरती तेवढी येते. ज्वारीच्या काढणींत तें एकटें दिसलें कीं आपण त्यास पोरकें समजतों आणि उचलून घरीं आणतों. परक्या दुधानें तें हगवण लागून मरण्याचा संभव फार, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानें तें पाळणें हा गुन्हाहि आहे. राम पटवर्धनांनीं मराठींत आणलेलें 'पाडस' ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना ठाऊक आहे कीं तेथील पाडस खरोखरच पोरकें होतें. तरीहि वाढल्यावर त्यानें पीक खाल्लें आणि त्या मुलावर काय प्रसंग ओढवला! तेव्हां विद्यार्थ्यांनो, पाडस दिसलें तर हात लावूं नका, भोंवतीं गर्दी करूं नका, कुत्रें तेवढें हांकलून परत फिरा. आई मेलेली दिसली किंवा पाडस जखमी असलें तरच वनखात्यास कळवावें.

शेतकरी म्हणेल कीं, काळवीट आमचें कोंवळें पीक खातो त्याचें काय? त्याची तक्रार रास्त आहे. नुकसानभरपाई त्यास वेळेवर मिळालीच पाहिजे. तिच्या अभावीं त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. परंतु गायरान पेटविल्यानें पीक वांचत नाहीं. उलट लपावयास जागा न उरल्यामुळें हरिणी उभ्या पिकांतच शिरते. मृगाचा पाऊस पडेपर्यंत प्रत्येक गायरानाचा एक तुकडा न जाळतां, न चारतां राखावा, असा ठराव गांवोगांवच्या ग्रामपंचायतींनीं करावा, आणि तो येत्या माघापूर्वींच करावा. कारण फाल्गुन लागला कीं गवतास कोणी तरी काडी लावतोच.