गुडघा वाजतो म्हणून चालणे सोडू नका

सिंगापूरला लेकीकडे असताना माझा उजवा गुडघा बदलला. दोन महिन्यांनी वॉटरलू स्ट्रीटवरील १८७८ सालच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला उभी राहिले, तर गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज! जन्मभर नर्सचे काम केले, तरी मी घाबरले आणि आठवडाभर घरात बसून राहिले. ती माझी चूक.

नव्या सांध्यात धातूचे भाग असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिथिलीनची चकती. चालताना धातू चकतीला टेकला की आवाज होतो. दुखत नसेल, तर त्यात सहसा धोका नसतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की पुष्कळांचा आवाज कमी होतो. बसून राहिल्याने मात्र गुडघा आखडतो.

पण आवाजाबरोबर नवे दुखणे असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर सर्जनला लवकर दाखवा. सूज व लाली वाढली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी.

माझ्या मते हे सारे डॉक्टरांनी आणि आम्ही नर्सांनी ऑपरेशनपूर्वीच सांगायला हवे. आपणही मुलांना त्रास नको म्हणून गप्प बसू नये. आवाज आला तर विचारा, आणि चालत राहा.